पहिली बातमी आणि ‘लेस’ : बोधगया बॉम्बस्फोटांच्या वृत्तांकनाची समीक्षा

रविवार, ७ जुलै २०१३ रोजी पहाटे साडेपाच ते सहाच्या दरम्यान बोधगया येथील महाबोधी महाविहाराच्या परिसरात व गावातील अन्य काही ठिकाणी एकामागून एक स्फोट झाले. त्या सकाळी आमच्या विहारात नित्याप्रमाणे उपासक-उपासिका वंदनेसाठी जमले होते. वंदना संपण्यापूर्वीच पहिला दूरध्वनी आला आणि पुढील अर्ध्या तासात एकाच घटनेची चार वर्णने आमच्यापर्यंत पोहोचली. कोणी स्फोट आठ सांगितले, कोणी नऊ. एकाने बोधिवृक्ष जळाल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने गर्भगृह कोसळल्याचे. शेवटच्या दोन्ही वार्ता निखालस खोट्या होत्या आणि पहिले दोन आकडेही पुढे टिकले नाहीत.

सायंकाळी निषेध सभा ठरली. पत्रकाचा मसुदा लिहिण्याचे काम, पालीचा अध्यापक म्हणून, माझ्याकडे आले. मी पहिल्याच वाक्यात ‘जिहादी अतिरेक्यांनी घडवून आणलेल्या’ असे लिहिले. दिवसभर दूरचित्रवाणीवर जे ऐकले होते तेच लेखणीतून उतरले; ते लिहिताना हात क्षणभरही अडखळला नाही. आमच्या विहारातील एक ज्येष्ठ उपासक छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांनी मसुदा वाचला, ते चार शब्द खोडले आणि विचारले, “सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी वाहिनीचे नाव सांगितले. “आणि त्यांना?” या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते पत्रक ज्या चौकात लागणार होते, त्या चौकातील निम्मी दुकाने मुस्लिम शेजाऱ्यांची होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

विनयपिटकातील संघादिसेस शिकविताना दरवर्षी मला तो मसुदा आठवतो. बॉम्बस्फोटासारख्या घटनेच्या प्रथम वृत्तात कोणते शब्द वापरावेत, कोणते थोपवून धरावेत, याची चर्चा पत्रकारितेच्या वर्गांत होत असेलच. तथापि तिची काही सामग्री आपल्या पिटकांतही आहे व ती आपण वापरीत नाही, अशी माझी तक्रार आहे. म्हणून बोधगयेच्या त्या पहिल्या दोन दिवसांच्या बातम्यांची भाषा येथे तपासावयाची आहे.

प्रथम आकड्यांविषयी. पुढील तपासात एकूण तेरा बॉम्ब ठेवण्यात आले होते, त्यांपैकी दहा फुटले व तीन निकामी करण्यात आले, असे निष्पन्न झाले. पहिल्या बातम्यांत दोन भिक्खू जखमी झाल्याचे आले होते. नंतर जखमींची संख्या पाच झाली. प्राणहानी झाली नाही. आठाचे नऊ आणि नवाचे दहा होणे हा वृत्तांकनाचा दोष मी मानीत नाही. धूर निवण्यापूर्वी मोजणाऱ्याचा आकडा चुकणारच. दोष आहे तो आकडा कोणी मोजला व कोणत्या वेळी मोजला हे न सांगण्याचा. सकाळच्या सातचा आकडा रात्रीच्या आवृत्तीत त्याच ठामपणाने छापला गेला की वाचकाच्या हाती दोन निरनिराळी सत्ये येतात; आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत म्हणजे काहीतरी दडविले जात आहे, अशी कुजबुज सुरू होते.

‘कमी तीव्रतेचे स्फोट’ हा शब्दप्रयोग त्या दिवशी सर्वत्र होता. तो पोलिसांच्या परिभाषेतून आला. स्फोटकाचे प्रमाण व त्याची संहारक क्षमता यांविषयी तो काही सांगतो आणि त्या अर्थाने तो अचूकही असेल. परंतु मथळ्यात येताच त्याचा अर्थ पालटतो. घटनाच कमी तीव्रतेची होती असे वाचकास वाटू लागते. पहाटे प्रदक्षिणा करणाऱ्या भिक्खूच्या अंगात धातूचे तुकडे शिरले तर त्याच्यापुरती तीव्रता कोणत्या मापाने मोजावयाची? तज्ज्ञाचा शब्द तज्ज्ञाच्या तोंडी ठेवावा आणि वाचकासाठी काय घडले ते सांगावे. परिसरात खड्डा किती पडला, काय तुटले, कोणास किती लागले, हे सांगता येण्याजोगे होते. त्याऐवजी करुणा आणि क्रौर्य, शांती आणि रक्त यांच्या अनुप्रासयुक्त जोड्या जुळविण्यात मथळ्यांची जागा गेली.

आणखी एक शब्द आपल्या वाचकांस खटकला होता, तो म्हणजे ‘मंदिर’. तेव्हा अनेकांनी संपादकांना पत्रे लिहिली. १९४९ च्या कायद्याच्या नावात हाच शब्द आहे आणि २००२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत झालेली इंग्रजी नोंदही त्याच अर्थाची आहे; तेव्हा घाईत लिहिणाऱ्या वार्ताहराने तो उचलला याचे नवल नाही. तरीही स्थळाचे नाव हा वृत्ताचा भाग आहे आणि तेथे राहणारे, वंदना करणारे लोक त्या वास्तूला काय म्हणतात हे विचारण्यास वेळ लागत नाही. असो. माझ्या मते त्या दिवसाचा तो मोठा दोष नव्हे, आणि पत्रे लिहिणाऱ्या आपल्या मंडळींचे, मोठ्या दोषाकडे जे दुर्लक्ष झाले, त्याविषयीच मला लिहावयाचे आहे.

‘दहशतवादी हल्ला’ हे नाव पहिल्या दिवशी द्यावे की नाही, याविषयी दोन टोकाची मते आढळतात. काहींच्या मते न्यायालयाचा निर्णय होईतो हा शब्दच वापरू नये. ‘स्फोट’ एवढेच म्हणावे. मला हे मान्य नाही. मराठी वृत्तपत्रांत पूर्वी, विशेषतः पंजाबच्या वार्तांत, ‘अतिरेकी’ हा शब्द रूढ होता. तो करणाऱ्याचा स्वभाव सांगतो, म्हणजे तो माणसाला चिकटतो. पुढे रुळलेला ‘दहशतवादी’ हा शब्द, नीट पाहिल्यास, कृत्याचा हेतू सांगतो. १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या १५ व्या कलमातील व्याख्याही हेतू आणि साधन या दोहोंवर उभी आहे : लोकांत दहशत निर्माण करण्याचा वा राष्ट्राची सुरक्षा धोक्यात आणण्याचा हेतू, आणि बॉम्ब वा तत्सम साधन. धर्म, वंश, प्रांत यांचा त्या व्याख्येत संबंध नाही. भगवान बुद्धांनीही कर्माची ओळख चेतनेवरून करावयास सांगितले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

आता, तीर्थस्थळी, वंदनेच्या वेळी, वेळ लावून, अनेक ठिकाणी ठेवलेले बॉम्ब हे आपली चेतना स्वतःच बोलून दाखवितात. गॅसच्या टाकीच्या स्फोटाप्रमाणे तेथे संशयास जागा राहत नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याच दिवशी त्यास दहशतवादी हल्ला म्हटले, ते माझ्या मते योग्यच होते. कृत्याचे नाव उच्चारण्यास कचरणे हीसुद्धा एक अचूकतेची हानी आहे. एकतर्फी हल्ल्याला ‘दोन गटांतील हाणामारी’ म्हणणारी बातमी आपल्या वस्त्यांनी अनेकदा वाचली आहे. तिच्यातील सौम्यपणा कोणाच्या सोयीचा असतो हे आपल्याला सांगावे लागत नाही.

परंतु कृत्याचे नाव आणि कर्त्याचे नाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सारा घोटाळा येथेच होतो. पहिल्या दिवशी ‘दहशतवादी’ हे विशेषण कृत्याला लागते. दुसऱ्या दिवशी ते एका समाजाच्या नावाला चिकटलेले दिसते. मधला पूल कोणी, कशाच्या आधारे बांधला हे कोठेच छापलेले नसते. बोधगयेच्या बाबतीत चोवीस तासांत इंडियन मुजाहिदीन, माओवादी, म्यानमारमधील रोहिंग्यांवरील अत्याचारांचा सूड अशी तीन-चार अनुमाने हवेत होती. राजकीय नेत्यांनी परस्परांकडे बोटे दाखविली ती वेगळीच. काही जणांना ताब्यात घेऊन चौकशीनंतर सोडूनही देण्यात आले. ताब्यात घेतल्याची बातमी ठळक होती. सोडल्याची शोधावी लागली.

येथे विनयपिटकातील एक प्रकरण पाहावे. दब्ब मल्लपुत्त हे संघातील भिक्खूंच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था पाहणारे अर्हत भिक्खू. आपल्या वाट्याला निकृष्ट भोजन येते म्हणून मेत्तिय व भुम्मजक या भिक्खूंनी त्यांच्यावर राग धरला आणि एका भिक्खुणीला पुढे करून त्यांच्यावर शीलभंगाचा खोटा आरोप केला. चौकशीत तो उघडा पडला. निराधार, म्हणजे ‘अमूलक’, आरोप करणाऱ्याविषयीचा आठवा संघादिसेस या प्रसंगातून आला. येथवरची कथा अनेकांस ठाऊक असते. पुढची बहुधा सांगितली जात नाही. तेच भिक्खू एकदा गृध्रकूटावरून उतरत असताना त्यांनी एका बोकडाला शेळीशी संग करताना पाहिले. त्यांनी आपसांत ठरविले की, या बोकडाचे नाव दब्ब ठेवू आणि शेळीला त्या भिक्खुणीचे नाव देऊ. म्हणजे आता, पूर्वी ऐकीव सांगत होतो, या वेळी प्रत्यक्ष पाहिले, असे म्हणता येईल! नववा संघादिसेस या प्रसंगावर आधारलेला आहे.

या भिक्खूंचे वाक्य व्याकरणदृष्ट्या खोटे नव्हते, ही यातील खरी गंमत. त्यांनी पाहिले होते, घडलेही होते, फक्त नाव त्यांनी स्वतः ठेवले होते. चित्रफितीत स्फोटाचा धूर दाखवीत असताना खालच्या पट्टीवर एखाद्या संघटनेचे नाव फिरते, तेव्हा नेमके हेच घडते. धूर खरा, नाव ठेवलेले.

विनयाचे संकलक येथेच थांबत नाहीत. अशा आरोपाला जे निमित्त लागते त्यास ते ‘लेस’ म्हणतात. मराठीत ‘लेश’ हा शब्द ‘लेशमात्र’ एवढ्यापुरता उरला आहे. पालीत थोड्याशा साम्याचा, म्हणून बहाण्याचा, अर्थ त्यात आहे. लेस दहा सांगितले आहेत : जाती, नाम, गोत्र, बाह्य रूप, आपत्ती, पात्र, चीवर, उपाध्याय, आचार्य आणि निवासस्थान. एका क्षत्रियाला अपराध करताना पाहिले; पुढे दुसराच क्षत्रिय दिसला; आणि ‘मी क्षत्रियाला पाहिले’ एवढ्या आधारावर त्याच्यावर आरोप केला, तर तो जातिलेस. एकाच नावाचा दुसरा मनुष्य पकडला, तर नामलेस. अपराधी उंच होता वा काळा होता, म्हणून दुसऱ्या उंच वा काळ्या माणसावर बोट ठेवले, तर रूपाचा लेस. तशाच वस्त्रावरून चीवरलेस, त्याच गुरूचा शिष्य म्हणून आचार्यलेस. आजच्या बातमीत नाव, दाढी, पोशाख, मोहल्ला, मदरसा यांचे जे उल्लेख ‘पार्श्वभूमी’ म्हणून येतात, ते या यादीत बसवून पाहण्याचा अभ्यास मी विद्यार्थ्यांना देत असतो. बहुतेक वेळा यादी पुरते.

मालेगावचे उदाहरण घेऊ. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. दुपारच्या नमाजानंतर हमीदिया मशीद व बडा कब्रस्तान परिसरात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. तरीही राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली ती नऊ मुस्लिम पुरुषांना, आणि त्यांची नावे ‘दहशतवादी’ या शब्दाच्या शेजारी वर्षानुवर्षे छापली गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये जामीन आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाकडून आरोपमुक्ती. अटकेपासून आरोपमुक्तीपर्यंत जवळजवळ दहा वर्षे. त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा स्फोट होऊन सहा जण ठार झाले. या वेळी आरोपी हिंदू होते. तेव्हा ‘भगवा’ हे विशेषण घेऊन दुसरी लेखणी तितक्याच वेगाने धावली. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. दोन्ही वेळा धर्माचे विशेषण पुराव्याच्या आधी आले होते. आपल्या विरोधकाला लागणारे विशेषण आपल्याला सयुक्तिक वाटते, हा दोष आपल्या नियतकालिकांतही होता. मी जुने अंक चाळून पाहिले आहेत.

या ठिकाणी वाचक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. बोधगयेच्या प्रकरणी पाटण्याच्या विशेष न्यायालयाने २५ मे २०१८ रोजी पाच जणांना दोषी ठरविले व १ जून रोजी त्यांना जन्मठेप दिली. ते इंडियन मुजाहिदीनशी संबंधित होते. रोहिंग्यांचा सूड हा हेतूही तपास यंत्रणेने मांडला होता. म्हणजे पहिल्या दिवसाचे अनुमान खरे ठरले. मग मुद्रितशोधकांनी खोडलेले माझे चार शब्द बरोबर नव्हते काय? निकालाची बातमी असलेले वृत्तपत्र घेऊन मी, काहीशा विजयी मुद्रेने, त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी बातमी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

मज्झिम निकायातील चंकी सुत्तात हाच प्रश्न आहे. कालाम सुत्त आपल्या मुखोद्गत असते. चंकी सुत्त त्या मानाने कमी वाचले जाते. ओपसाद गावी कापटिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुण परंपरागत मंत्रांच्या सत्यतेविषयी भगवंतांना प्रश्न करतो. उत्तरात आंधळ्यांच्या रांगेची उपमा येते : पहिल्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, शेवटच्याला दिसत नाही, प्रत्येकाने पुढच्याला धरलेले आहे. वृत्तसंस्थेवरून वाहिनीने, वाहिनीवरून वृत्तपत्राने आणि वृत्तपत्रावरून मी माझ्या पत्रकात घेतले, ती रांग याहून निराळी नव्हती. पुढे भगवान सांगतात की श्रद्धा, आवड, ऐकीव परंपरा, तर्क आणि मनास पटलेले मत या पाचही मार्गांनी आलेली गोष्ट पोकळ ठरू शकते, आणि या मार्गांनी न आलेली खरीही असू शकते. म्हणून सत्याचे रक्षण करणाऱ्याने, ‘सच्चानुरक्खणा’ इच्छिणाऱ्याने, आपली गोष्ट ज्या मार्गाने आली तो मार्ग सांगावा : माझे असे ऐकणे आहे, माझा असा तर्क आहे, आणि एवढेच खरे, बाकी सारे मिथ्या, या निष्कर्षावर उडी घेऊ नये.

सत्याचे रक्षण आणि सत्याचा शोध या दोन पायऱ्या सुत्तात वेगळ्या ठेवल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पहिल्या दिवशीच्या वार्ताहराकडून शोधाची अपेक्षा करणे अन्याय होईल. तो तपास यंत्रणेला पाच वर्षे लागणारे काम एका रात्रीत करू शकत नाही. रक्षण मात्र त्याच्या हाती असते. बोधगयेचे अनुमान निराधार होते असेही नाही. दिल्ली पोलिसांनी २०१२ मध्ये पकडलेल्या संशयितांच्या चौकशीत बोधगयेची टेहळणी केल्याची माहिती पुढे आली होती. मग तेच लिहावयाचे : संशय अमुक संघटनेवर आहे, त्याचे कारण ही जुनी चौकशी. त्याऐवजी ‘सूत्रांकडून समजते’ असे छापले गेले. मराठी वृत्तपत्रांतील हे ‘सूत्र’ मला पालीचा विद्यार्थी म्हणून नेहमी अस्वस्थ करते. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेशांत, कोणी अमुक वचन बुद्धाचे आहे असे सांगितले, सांगणारा संघ असो की स्थविर असो, तरी त्याचे लगेच अभिनंदन करू नये, निषेधही करू नये. ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, असे आहे. तेथे सुत्त ही ताडण्याची कसोटी आहे. आपल्याकडे सूत्र म्हणजे ज्याला कोणी ताडत नाही, तो!

मालेगाव आणि बोधगया यांच्या पहिल्या बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात. रीत एकच, एका ठिकाणी अनुमान न्यायालयात टिकले, दुसऱ्या ठिकाणी माणसे तुरुंगात गेली. ज्या रीतीने दोन्ही निष्पन्न होऊ शकते ती रीत बरोबर आली म्हणून तिचे श्रेय नाही. आणि ज्या महिन्यात मालेगावचा पहिला स्फोट झाला त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रारंभीच्या बातम्यांत ‘अनैतिक संबंध’ हे शब्द आले होते. तेही कोठून तरी ‘समजले’ होते. ते शब्द पुसण्यासाठी आपल्या कार्यकर्त्यांना किती आठवडे रस्त्यावर यावे लागले हे वाचक जाणतात. म्हणून बोधगयेच्या दिवशी आपण बळी होतो तरी आपल्याला लेसाचा अधिकार मिळत नव्हता.

आता एक अवघड प्रकरण. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे ठार झाली. डिसेंबर व जानेवारीच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. त्या सायंकाळी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवर स्फोटांची संख्या तेरा सांगितली. तेरावे ठिकाण म्हणून मुस्लिम वस्तीतील मशीद बंदरचे नाव घेतले. तेथे स्फोट झाला नव्हता. एकाच समाजावर हल्ला झाल्याची भावना पसरून पुन्हा दंगल उसळू नये म्हणून आपण हेतुपुरस्सर तसे सांगितले, हे त्यांनी नंतर स्वतःच जाहीर केले. पहिल्या वृत्तातील आकडा जाणूनबुजून चुकविल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

अभयराजकुमार सुत्तात वाणीचे जे प्रकार सांगितले आहेत ते सत्य-असत्य, हितकर-अहितकर आणि प्रिय-अप्रिय या कसोट्यांवर मांडलेले आहेत. लक्षपूर्वक पाहिल्यास त्यात एक घर रिकामे आहे : असत्य परंतु हितकर. तथागत अशी वाणी उच्चारतात किंवा नाही, याचा उल्लेखच नाही. असत्य हितकर असूच शकत नाही म्हणून ते घर सोडले, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. १९९३ ची ती सायंकाळ त्या रिकाम्या घरात नेऊन बसविण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे आणि मला निःशंक निर्णय देता आलेला नाही. त्या असत्याने कोणावर आरोप ठेवला नाही. उलट ठेवला जाणारा आरोप अडविला. लेसाच्या अगदी उलट दिशेचे ते कृत्य होते. ‘ठिकाणांची खात्री करून घेत आहोत’ असे म्हणून थांबता आले असते, हे आज लिहिणे सोपे आहे. त्या रात्री थांबण्याचीही किंमत कोणीतरी मोजली असती. मात्र राज्यकर्त्याने एका रात्री केलेली ही गोष्ट वार्ताहराने अनुकरणीय मानावी, असे कोणी म्हणाल्यास माझा स्पष्ट विरोध राहील. मुख्यमंत्र्यांना दंगल थोपवावयाची होती. वार्ताहराला दुसऱ्या दिवशीही वाचकासमोर जावयाचे असते, आणि वाचकाने त्याचा आकडा पुन्हा मानावयाचा असतो.

राज्यकर्त्यांचे पहिले वृत्त नेहमी असे परहिताचे असतेच असे नाही. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत स्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मेली. तीन दिवसांवर निवडणूक होती. स्पेनच्या सरकारने बास्क संघटना ‘एटा’ हिच्याकडे बोट दाखविले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी १५३० क्रमांकाचा ठराव करून तिचे नाव घातले. तपासात कर्ते निराळेच, इस्लामी जहाल विचारांचे, निघाले. जगातील सर्वोच्च सभागृहाचा तो ठराव त्या नावासह नोंदीत आहे. भिक्खूला आपल्या आपत्तीची देसना पंधरवड्याच्या उपोसथापूर्वी करावी लागते. वृत्तपत्राला आणि सुरक्षा परिषदेला असा उपोसथ नाही. चूक-दुरुस्ती छापली तरी ती सातव्या पानावर, चार ओळींत.

केवळ दोष दाखवून थांबू नये म्हणून त्या दिवशीची बातमी, त्या दिवशी जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर, कशी लिहिता आली असती हे मी एकदा लिहून पाहिले. ती अशी :

‘बोधगया, ता. ७ : येथील महाबोधी महाविहाराच्या परिसरात व गावात अन्यत्र आज पहाटे साडेपाच ते सहाच्या दरम्यान अनेक बॉम्बस्फोट झाले. सकाळपर्यंतच्या मोजणीनुसार स्फोटांची संख्या नऊ असून शोध चालू असल्याने ती बदलू शकते. दोन भिक्खू जखमी झाले असून त्यांच्यावर उपचार चालू आहेत. महाविहाराची मुख्य वास्तू व बोधिवृक्ष सुरक्षित आहेत. न फुटलेले काही बॉम्बही सापडल्याने हे कृत्य नियोजित होते हे स्पष्ट होते. केंद्रीय गृह मंत्रालयाने हा दहशतवादी हल्ला असल्याचे म्हटले आहे. हल्ला कोणी केला हे अद्याप कळलेले नाही. बोधगयेची टेहळणी झाल्याची माहिती गेल्या वर्षी दिल्ली पोलिसांच्या चौकशीत पुढे आली होती. आजच्या घटनेशी तिचा संबंध असल्याचा पुरावा कोणीही मांडलेला नाही.’

एवढा मजकूर एका स्तंभात सहज मावतो आणि तो लिहिण्यास मला वीस मिनिटे लागली. गेल्या महिन्यात तो त्या ज्येष्ठ उपासकांना दाखविला. आता त्यांची दृष्टी अधू झाली आहे. नातीने वाचून दाखविला. त्यांनी एका ठिकाणी तिला थांबविले आणि ‘स्पष्ट होते’ या शब्दांखाली रेघ मारावयास सांगितली. “कोणाला स्पष्ट होते, ते घाला,” असे ते म्हणाले.